लगेच लागणारं

गुरुवार नको, हे मी आधीच सांगितलं होतं.
गुरुवारी पाणी नसतं, सहकारनगरात नाही, धायरीतही नाही,
आणि नव्या जागेत कोरड्या नळाकडून
स्वागत करून घ्यायची माझी तयारी नव्हती.
शुक्रवार ठरला. सकाळी साडेसात. टेम्पो एक, माणसं तीन.

ह्यांनी अठ्ठावीस वर्षं भोसरीत स्टोअर सांभाळलं.
एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही.
आता निळी वही काढली, पट्टीने रकाने पाडले:
खोका नंबर, आत काय, उतरवायचं कुठे, फुटेल का.
शेवटच्या रकान्यात माझ्या बरण्यांपुढे
तीन-तीन उद्गारचिन्हं.

रिकामे खोके औषधवाल्याकडून, दहा रुपयाला एक.
आमचा अख्खा संसार खोकल्याच्या औषधाच्या नावाने निघाला.

पुस्तकं लहान खोक्यात, नाहीतर तळ सुटतो.
पलंगाचे स्क्रू पिशवीत,
पिशवी पलंगाच्याच पायाला बांधायची.
उशा आणि जुनी लुगडी म्हणजे फुकटचं थर्माकोल.
ताटं उभी लावायची. आडवी ठेवली
तर एकमेकींचा भार सोसत बसतात आणि एक दिवस तडकतात.
(हे ते ताटांबद्दलच बोलत होते.
मी मान वर करून खात्री करून घेतली.)

एका पातेल्यावर नाव निघालं:
कु. मंदाकिनी हिजकडून सप्रेम.
कोण ही मंदाकिनी?
बत्तीस वर्षं तिच्या पातेल्यात दूध तापवलं,
आणि दोघांनाही चेहरा आठवेना.
नंबर अकरा. स्वयंपाकघर. फुटणार नाही.

मग दारामागचा खिळा.
सगळ्या बिल्डिंगची एकेक जादा किल्ली आमच्याकडे,
कारण हे दोघं कुठे जात नाहीत, असा आमचा लौकिक.
पानशांची: कुंड्यांना पाणी घालायला.
गोडबोल्यांची: गीझर चालू राहिला का
तेवढं बघाल का, असा दिवेआगरहून फोन.
डिसोझा बाईंची: त्यांचा नील चारला शाळेतून आला
की नुसता हात पुढे करायचा.
सात नंबरची: तुळपुळे आजोबांची.

गुरुवारी संध्याकाळी एकेक मजला चढून
आम्ही किल्ल्या परत केल्या.
आणि प्रत्येक दारात
आमचीच किल्ली आम्हाला परत मिळत गेली.
चार निघाल्या. दिल्याची आठवण होती एकीची.
पानशांच्या किल्लीला दोरा होता लाल, माझ्या जुन्या ब्लाउजचा.
नीलने विचारलं, आता कुणाकडे मागू?
त्याची आई म्हणाली, तुझ्याकडेच राहील आता, मोठा झालास.
तो काही खूश दिसला नाही.

तुळपुळ्यांच्या मुलाला फोन लावला.
तिकडे पहाट होती बहुतेक.
फेकून द्या हो काकू, म्हणाला,
महिन्याभरात दारच पाडणार आहेत.
खरंच होतं त्याचं.

शेवटचा खोका, नंबर एक्केचाळीस: लगेच लागणारं.
चहा, साखर, गाळणं, लायटर, टेस्टर,
दोन बल्ब, बीपीच्या गोळ्या, देव.
हा सगळ्यात शेवटी चढवायचा
आणि सगळ्यात आधी उतरवायचा. वहीत खाली दोन रेघा.

धायरी, नववा मजला. गॅस लागायला अकरा वाजले.
गाळण्यासाठी हात घातला
तर गाळण्याखाली किल्ली, चिठ्ठीसकट: ७.
वही उघडून पाहिली.
खोका ४१. किल्ली, एक नग.
उतरवायचं कुठे: रिकामं.
फुटेल का: इथे काहीतरी लिहून खोडलेलं.

मी चहा टाकला. ते टेम्पोवाल्याशी
जिन्याचे पैसे वेगळे का, यावर वाद घालत होते,
लिफ्ट असताना.

भाड्याच्या घरात खिळे ठोकायचे नाहीत,
असं करारात सातव्या कलमात आहे.
किल्ली सध्या साखरेच्या डब्यावर असते.
डबा उघडायचा तर आधी ती उचलावी लागते,
रोज, दोन वेळा.